उबेची साक्ष

आपल्या घरांतून 'अनुभव आला' हे शब्द फार सहज उच्चारले जातात. गाणगापूरला जाऊन आलेली आत्या सांगते, पंढरीची वारी करून आलेला शेजारी सांगतो, आणि ऐकणारे हात जोडतात. "कशावरून?" असे कोणी विचारीत नाही. न विचारणेच बरे. दुसऱ्याच्या देवघरात पायताणे घालून शिरू नये. पण एकांतात स्वतःला हा प्रश्न विचारल्यावाचून माझ्याच्याने राहवत नाही. छाती भरून आली, डोळ्यांत पाणी उभे राहिले, आत काहीतरी उजळल्यासारखे वाटले. एवढ्यावरून बाहेरच्या जगाविषयी काही खरे ठरते काय?

मी मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेला शाळामास्तर. तत्त्वज्ञानाचे जाडजूड ग्रंथ मला पेलत नाहीत. पण वीसएक वर्षे मुलांत गेली आहेत, आणि कादंबऱ्या लिहिण्याच्या नादाने परक्यांची चरित्रे वाचण्याची खोड लागली आहे. या खोडीपायीच मी अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या कोवळ्या धर्मप्रचारकांपर्यंत जाऊन पोहोचलो. 'मॉर्मन' हे नाव त्यांच्या मंडळीने २०१८ पासून बाजूला सारले आहे. आम्हांला आमच्या पूर्ण नावाने ओळखा, असे त्यांचे म्हणणे आहे. पण ते नाव लांबलचक आहे, आणि मी ज्या काळच्या गोष्टी सांगणार आहे त्या काळी जग त्यांना मॉर्मनच म्हणे. म्हणून येथे तेच ठेवतो.

या पंथाचा उगमच मुळी एका पोराच्या अनुभवातून झाला. जोसेफ स्मिथ हा शेतकऱ्याचा मुलगा. १८२० साली, चौदा वर्षांचा असताना, न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावाजवळच्या राईत तो प्रार्थना करीत होता आणि देवाने आपल्याला दर्शन दिले, असे तो पुढे सांगू लागला. १८३० साली त्याने 'मॉर्मनचे पुस्तक' छापले व पंथ स्थापला. १८४४ साली जमावाने त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात गोळ्या घालून मारले. मागे राहिलेले लोक बैलगाड्या जोडून पश्चिमेला निघाले आणि १८४७ साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले. तेथून जगभर मुले पाठवण्याचा जो परिपाठ सुरू झाला तो आजतागायत चालू आहे. आज एका वेळी सत्तर हजारांहून अधिक तरुण-तरुणी या कामावर असतात.

कल्पना करा. मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा. (२०१२ साली मुलांचे किमान वय १९ वरून १८ आणि मुलींचे २१ वरून १९ केले गेले.) कोठे जायचे हे त्याने ठरवायचे नाही; पत्र येईल त्या देशाला जायचे. मुलांनी दोन वर्षे, मुलींनी दीड. खर्च बव्हंशी घरच्यांनी नाहीतर ज्याचा त्याने साठवलेल्या पैशांतून करायचा. पांढरा सदरा, छातीवर नावाची पट्टी, आणि सदैव एक जोडीदार. एकट्याने हिंडण्याची सोय नाही. २०१९ सालापर्यंत घरी फोन करायचा तो वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. आपल्याकडे मुलगा पुण्याच्या वसतिगृहात राहिला तरी आई रोज रात्री "जेवलास का?" म्हणून विचारते. तेव्हा त्या आयांचे काय होत असेल, याचा विचार वाचकांतल्या आयांनीच करावा.

हे सारे कष्टाचे आहे. पण कष्ट म्हणजे काही प्रश्न नव्हे. सैन्यातली मुले याहून अधिक सोसतात. प्रश्न आहे तो या मुलांनी दारोदार जाऊन जे सांगायचे असते त्याचा. ते वाद घालीत नाहीत. ते म्हणतात: हे पुस्तक वाचा, खरे आहे काय असे मनापासून देवाला विचारा, आणि उत्तर तुमच्या अंतःकरणात येईल, छातीत एक ऊब दाटेल, मन शांत होईल. मग ते स्वतःची साक्ष देतात. साक्ष देताना 'माझी श्रद्धा आहे' एवढ्यावर ते सहसा थांबत नाहीत. 'मला माहीत आहे' असे म्हणतात.

आपल्या भाषेत या बाबतीत केवढ्या पायऱ्या आहेत! मला वाटते, मी मानतो, माझा विश्वास आहे, मला पटले आहे, मला ठाऊक आहे, मी जाणतो. गावातला साधा माणूसदेखील या पायऱ्या चुकत नाही. 'पाऊस येईलसे वाटते' म्हणणारा शेतकरी 'पाऊस येणार हे मला ठाऊक आहे' असे चुकूनही म्हणणार नाही. मग एकोणीस वर्षांच्या पोराने एकदम सगळ्यांत वरच्या पायरीवरून का बोलावे? त्यांच्या बारा प्रेषितांपैकी बॉइड पॅकर यांचे एक भाषण १९८३ साली छापले गेले. त्यात त्यांनी प्रचारकांच्या वडीलधाऱ्यांना सांगितले की, साक्ष देता देताच ती सापडते. आधी सापडेल आणि मग देईन, असे म्हणत बसू नये.

हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. शाळामास्तर या नात्याने मला त्यात तथ्य दिसते. आपणही मुलांना अर्थ कळण्याआधी पाढे घोकायला लावतो, सांजवातीला श्लोक म्हणायला लावतो. अर्थ मागाहून येतो. कधी वीस वर्षांनी, स्वतःच्या मुलांना शिकवताना येतो. पोहायला शिकायचे तर पाण्यात उतरावेच लागते. येथवर पॅकर यांच्याशी माझे भांडण नाही. पण पाढा म्हणणारा मुलगा कोणाला साक्ष देत नसतो. श्लोक ही प्रार्थना आहे. साक्ष ही गोष्टच निराळी. समोरचा माणूस त्या पोराच्या शब्दावर विसंबून आपला बापजाद्यांचा धर्म सोडू पाहत असतो, बायकोशी भांडत असतो, गाव तोडत असतो. जे अजून सापडायचे आहे ते 'सापडले' म्हणून त्याला सांगणे हे पोहायला शिकणे नव्हे. दुसऱ्याचा हात धरून त्याला पाण्यात ओढणे आहे.

आणि दुसरी अडचण. कोणता अनुभव येणार हे आधीच सांगून ठेवले, की तो येण्याची वाट पाहणारे मन त्याला दार उघडूनच बसते. वर्गात मी "आता सगळ्यांना जांभई येणार बरे का" असे म्हटले, तर तिसऱ्या बाकापर्यंत जांभया सुरू होतात. म्हणून जांभई खोटी ठरत नाही; ती खरीच असते. पण ती कशाचा पुरावा?

एवढ्यावर मी हे प्रकरण मिटवले असते. परंतु या प्रचारकांची चरित्रे वाचू लागल्यावर ते इतक्या सहज मिटेना.

१८५० सालच्या डिसेंबरात दहा मॉर्मन तरुण होनोलुलूला उतरले. कॅलिफोर्नियात सोने खणता खणता त्यांना प्रचाराच्या कामावर धाडण्यात आले होते. त्यांतला जॉर्ज कॅनन अवघा तेवीस वर्षांचा, जन्माने लिव्हरपूलचा. गोऱ्या लोकांना उपदेश करावा म्हणून हे लोक गेले. तेथे पाहतात तो गोरे मूठभर, आणि त्यांना ऐकून घ्यायला सवड नाही. दहांतले जवळजवळ निम्मे थोड्याच महिन्यांत माघारी फिरले. कॅननने मात्र असे ठरवले की, आपण येथल्या लोकांची भाषा शिकायची आणि त्यांच्यापाशीच राहायचे. माउई बेटावर नालिमानुई नावाच्या एका हवाईयन बाईने या परक्या पोरांना आपले घर मोकळे करून दिले व स्वतः लेकीकडे राहायला गेली.

कॅनन दिवसरात्र त्या भाषेचा ध्यास घेऊन बसला. त्याने पुढे लिहून ठेवले आहे की, एका संध्याकाळी शेजाऱ्यांचे बोलणे कानी पडत असताना, ते समजावे अशी त्याला विलक्षण उत्कंठा लागली. एकाएकी कानांत काहीतरी चमत्कारिक झाले, तो दोन्ही हात कानांशी धरून उभा राहिला आणि सोबत्यांना म्हणाला की, मला ही भाषा समजण्याचे वरदान मिळाले आहे. त्यानंतर ऐकलेले समजण्यात त्याला फारशी अडचण पडली नाही.

भाषा शिकवणाऱ्याला यात चमत्कार दिसेलच असे नाही. दुसरीतल्या मुलाच्या डोळ्यांत मी हे घडताना पाहिले आहे. महिनोन् महिने अक्षरे म्हणजे मुंग्यांची रांग असते. आणि एके दिवशी, नेमक्या कोणत्या क्षणी ते सांगता येत नाही, ती रांग शब्द होऊन बोलू लागते. त्या क्षणी मुलाचे तोंड जसे होते तसे देवळातल्या भक्ताचेही फार थोड्या वेळा होते. तेव्हा 'ही तर शिकण्याचीच रीत आहे' असे म्हणून मी कॅननच्या अनुभवाची वासलात लावू शकतो. पण मग माझ्या लक्षात येते की, त्या रीतीविषयीदेखील मला काडीचे कळत नाही. मी तिला फक्त रोजचे नाव दिले आहे. त्याने देवाचे दिले. पुढे योनाथान नापेला या माउईतल्या हवाईयन न्यायाधीशाच्या मदतीने कॅननने 'मॉर्मनचे पुस्तक' हवाईयन भाषेत आणले आणि १८५५ साली सॅन फ्रान्सिस्कोत छापले. या नापेलाकडे मला पुन्हा यायचे आहे.

त्याच बेटांवर १८५४ साली एक पंधरा वर्षांचा मुलगा पाठवला गेला. पंधरा! आपल्याकडे या वयाच्या मुलाला एकट्याने रेल्वेत बसवताना डबा कोणता, पाणी कोठले, सगळे बजावून सांगतात. हा जोसेफ एफ. स्मिथ, पंथसंस्थापकाचा पुतण्या. कार्थेजच्या तुरुंगात मारला गेलेला तो थोरला भाऊ म्हणजे याचा बाप. तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. तेराव्या वर्षी आई गेली. शाळेत धाकट्या बहिणीला मारायला निघालेल्या मास्तरांनाच याने बदडून काढले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची प्रचारावर रवानगी झाली. (आमच्या धंद्यातल्या लोकांनी या भागावरून डोळे झाकून पुढे जावे.)

बेटांवर तो गरिबीत राहिला, आजारी पडला, अंगावर धड वस्त्र उरले नाही. या अवस्थेत त्याला एक स्वप्न पडले. तो कुठेतरी घाईघाईने निघाला आहे, हातात एक गाठोडे आहे. एक मोठा वाडा लागतो. आत जाण्यापूर्वी तो स्नान करतो, गाठोडे सोडतो, तर आत स्वच्छ पांढरे कपडे! ते घालून तो दाराशी जातो. दारात मारला गेलेला चुलता उभा. "तुला उशीर झाला," चुलता म्हणतो. "होय," मुलगा म्हणतो, "पण मी स्वच्छ आहे." आत बापही असतो, आईही असते. तो सांगत असे की, जाग आली तेव्हा मी वयाने पोर होतो, पण मनाने पुरुष झालो होतो. त्यानंतर मला कोणाचे भय वाटले नाही.

हे स्वप्न उलगडायला पंडित नको. मळलेल्या, फाटक्या कपड्यांतल्या अनाथ मुलाला आणखी कसले स्वप्न पडणार? पण ते उलगडले म्हणून संपत नाही. तुकोबांना गुरूपदेश स्वप्नात झाला, हे वारकरी घरातले मूलही सांगते; स्वप्न म्हणून कोणी ते बाद केलेले नाही. स्वप्न कोठून आले यापेक्षा ते माणसाला कोठे नेते, हे पाहण्याची आपली जुनी पद्धत आहे. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञानेही १९०२ सालच्या आपल्या ग्रंथात धार्मिक अनुभवाला हाच निकष लावला: मूळ पाहू नका, फळ पाहा.

मग या मुलाचे फळ पाहू. तो पुढे मंडळीचा अध्यक्ष झाला. म्हातारपणी तो पुन्हा होनोलुलूला उतरला तेव्हा स्वागताला पुष्कळ लोक जमले होते. त्या गर्दीत नव्वदीच्या घरातली एक आंधळी म्हातारी कोणाच्या तरी आधाराने आली. हातात चारदोन केळी. "योसेपा, योसेपा" अशा हाका मारीत होती. अध्यक्ष धावत गेला, तिला कवटाळून "आई, माझी आई" म्हणू लागला. आजारी पोराची शुश्रूषा करणारी मा माहुहीई ती हीच. हा प्रसंग त्यांच्यासोबत असलेल्या चार्ल्स निब्ली यांनी लिहून ठेवला आहे. केळ्यांचे काय झाले ते मात्र निब्ली सांगत नाहीत. मी कादंबरीकार असल्यामुळे मला तेच विचारावेसे वाटते.

हा झाला त्या झाडाचा गोड भाग. पण या अध्यक्षांना सहा बायका होत्या, आणि त्यांच्या पंथात बहुपत्नीकत्व देवाची आज्ञा म्हणून अनेक दशके चालले. त्यालाही छातीतल्या उबेचीच साक्ष होती. १९०४ साली वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या समितीने त्यांना शपथेवर विचारले की, तुम्हांला देवाचे आदेश येतात काय? तेव्हा ते म्हणाले की, हा पंथ खरा आहे हे देवाने मला दाखवले, याखेरीज मला आदेश मिळाले असा माझा दावा नाही. ज्यांचे सारे आयुष्य एका स्वप्नाने उभे केले त्यांनी वकिलांपुढे इतके मोजून बोलावे, याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मला त्यात प्रामाणिकपणाही दिसतो. प्रवचनात 'मला माहीत आहे' म्हणणे वेगळे आणि शपथेवर तेच म्हणताना शब्द तोलणे वेगळे.

याहूनही कठीण गोष्ट ब्राझीलची. १८५२ पासून या मंडळीत आफ्रिकी वंशाच्या पुरुषाला पौरोहित्याचा अधिकार नव्हता आणि काळ्या स्त्रीपुरुषांना मंदिरातले मुख्य संस्कार बंद होते. १८५२ हे साल आपल्यालाही थोडे जवळचे. त्याच वर्षी ह्यू फिंडले हा त्यांचा प्रचारक मुंबईला उतरला, पुढे पुण्याच्या लष्करात त्याने हातपाय हलवले, वर्तमानपत्रे व पाद्री यांच्याशी झगडून मूठभर माणसे मिळवली, आणि १८५५ साली परत गेला. पण ते असो. ब्राझीलमध्ये वंश इतके मिसळलेले की कोण काळा आणि कोण गोरा हे सांगणे अशक्य. तेव्हा कोवळ्या प्रचारकांना शिकवले जाई की, घरातली माणसे पाहावी, भिंतीवरच्या तसबिरी पाहाव्या, पूर्वजांची चौकशी करावी. संशय आला तर आग्रह धरू नये. विचार करा: सकाळी प्रार्थनेत छातीत ऊब दाटलेली, आणि दुपारी एखाद्या दारात म्हाताऱ्या आजीचा फोटो पाहून पाय मागे घेतलेला. दोन्ही एकाच मुलाने, एकाच दिवशी, एकाच श्रद्धेने. दुपारच्या वेळी ती सकाळची ऊब का बोलली नाही? की बोलली, आणि त्याला ती ओळखू आली नाही?

रिओमधला हेल्व्हेसिओ मार्तिन्स हा काळा गृहस्थ १९७२ साली या मंडळीत आला. साओ पावलोला मंदिर उभे राहत होते, त्या कामात तो मनापासून राबत होता. आणि तयार झाल्यावर त्या मंदिरात आपल्याला प्रवेश नाही, हे त्याला ठाऊक होते. पंढरपूरच्या मंदिरासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण का करावे लागले हे जाणणाऱ्याला यावर अधिक सांगायला नको. जून १९७८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी आपल्याला प्रकटीकरण झाल्याचे सांगून ही बंदी उठवली. मार्तिन्सच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. त्याने लग्न पुढे ढकलले आणि तो प्रचारावर गेला. २०१३ साली मंडळीने जुन्या बंदीच्या समर्थनार्थ सांगितलेल्या उपपत्तीही नाकारल्या.

म्हणजे त्यांच्याच हिशेबाने सव्वाशे वर्षे हजारो सज्जन मुलांना जी ऊब वाटली, तिने या एका अन्यायाबद्दल त्यांना टोचले नाही. काहींना टोचलेही असेल. पण मंडळीच्या निर्णयात त्याची नोंद व्हायला १९७८ उजाडले. यावरून 'ऊब म्हणजे भ्रम' असा निकाल देणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत. मला तो घाईचा वाटतो. डोळ्याला रात्री दिसत नाही म्हणून डोळा खोटा ठरत नाही. पण डोळ्याला रात्री दिसत नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती मी गाडीचा कासरा देणार नाही. मला जाचते ते हे, की त्या मुलांना उबेवर विसंबायला शिकवतात, तिच्या मर्यादा मात्र शिकवीत नाहीत. ऊब आली तर पुस्तक खरे. नाही आली तर तुमच्या विचारण्यात खोट. अशा परीक्षेत नापास होण्याची सोयच नसते, आणि ज्या परीक्षेत कोणी नापास होत नाही तिच्या गुणपत्रिकेला काय किंमत असते ते आम्हां मास्तरांना विचारा.

आता नापेला. हा परदेशी प्रचारक नव्हे, हा ऐकणारा. याच्याच घरी प्रचारकांना आसरा मिळाला, यानेच त्यांना भाषा शिकवली. १८७३ साली त्याच्या बायकोला, किटीला, कुष्ठरोग झाला. त्या वेळच्या कायद्याने तिला मोलोकाई बेटावरच्या कलाउपापा वसाहतीत धाडले. एका बाजूला उभा कडा आणि तीन बाजूंना समुद्र. गेलेला माणूस परत यायचा नाही. नापेला निरोगी होता. तो तिच्याबरोबर गेला. काही काळ वसाहतीची देखरेख त्याच्याकडे होती. त्याच वर्षी बेल्जियमहून आलेले कॅथलिक पाद्री फादर डेमियन तेथे पोहोचले. हे दोन परस्परविरोधी पंथांचे लोक एकमेकांना धरून काम करीत.

देखरेखीचे काम सुटल्यावर नापेलाला तेथून निघावे लागेल अशी वेळ आली. तेव्हा त्याने आरोग्य मंडळाला पत्र लिहिले. मी ते फार उत्सुकतेने वाचले. वीस वर्षे ज्याच्या ओसरीवर दर्शने, वरदाने आणि स्वप्ने यांच्या गोष्टी चालल्या, तो आता कोणता अनुभव पुढे करील? देवाने मला सांगितले, असे त्यात नाही. छातीतल्या उबेचा उल्लेख नाही. त्याने एक तारीख लिहिली: ३ ऑगस्ट १८४३. त्या दिवशी माझे हिच्याशी लग्न झाले, आणि दुखण्याखुपण्यात मरेपर्यंत हिला सांभाळीन असा शब्द मी देवासमोर दिला आहे. तरी मला येथे राहू द्यावे. तो शब्द त्याने दिला तेव्हा मॉर्मन प्रचारकांची बोट बेटाला लागायला सात वर्षे होती.

मंडळाने त्याला राहू दिले. पुढे त्यालाही तो रोग जडला. १८७९ सालच्या ऑगस्टमध्ये तो वारला. त्याच महिन्यात, थोड्याच दिवसांनी, किटी गेली.